कॉलेज फुटबॉलचा ‘आधुनिक काळ’ नक्की कधीपासून? विक्रमांच्या शीटच्या नोंदी

१० मे २०२५, शनिवार

काम असं आहे. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या संघांची (चेंडू काखेत धरून पळतात तो फुटबॉल, आपला नव्हे) आजवरची कामगिरी एका शीटमध्ये आणायची. मिशिगन मोठं की अलाबामा, ओहायो स्टेट मोठं की नोत्र डाम, यावर आमच्या ऑफिसात बारा महिने वाद चालतो आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा काढतो. निदान आकडे तरी सगळ्यांचे एकच असावेत, एवढीच अपेक्षा.

सुरुवात १८६९ पासून केली. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सनं प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं, तो पहिला सामना मानतात. एका बाजूला २५ खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती. म्हणजे ज्या सामन्यापासून हा खेळ मोजतात, त्यात हा खेळ नव्हताच.

विजेतेपदांचा रकाना भरून शीट उतरत्या क्रमानं लावली. वर आले प्रिन्स्टन (२८), मग येल (२७), मग अलाबामा (१८). हे सगळे त्या त्या कॉलेजनं स्वतः सांगितलेले आकडे. फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीचं अधिकृत विजेतेपद एनसीएए (कॉलेजच्या खेळांची देशभरातली संघटना) देतच नाही, त्यामुळे दावा करायला कुणी कुणाला अडवत नाही. जुनी विजेतेपदं तर मागाहून वाटलेली आहेत. पार्क डेव्हिस नावाच्या इतिहासकारानं १९३३ मध्ये थेट १८६९ पर्यंत मागे जाऊन विजेते ठरवले, आणि हे गृहस्थ स्वतः प्रिन्स्टनकडून खेळलेले.

येल-प्रिन्स्टन वर असलेली यादी ऑफिसात कुणी बघणार नाही. कुठेतरी रेघ मारावी लागणार. इथे सगळे ‘आधुनिक काळात’ असं सर्रास म्हणतात, पण तो कधी सुरू झाला ते विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

११ मे, रविवार

रेघ बाजूला राहिली, आधी एक्सेलशी झटापट. जय-पराजय ‘९-२’ असा चिकटवला की एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करतं. ‘१०-१-१’ चं १ ऑक्टोबर २००१ होतं.  त्यामुळे एक-दोन सामने हरलेले सगळे संघ कॅलेंडरात जमा. वरवर बघून हे लक्षात येत नाही, बेरीज बिघडली की कळतं.

उपाय: चिकटवण्याआधी रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. त्याहून बरं म्हणजे विजय, पराभव, बरोबरी असे तीन वेगळे रकाने ठेवा. एकदा तारीख झालेला आकडा पुन्हा टेक्स्ट केला तरी जुनं रूप परत येत नाही, भलताच पाच आकडी क्रमांक दिसतो. मूळ मजकूर पुन्हा आणावा लागतो.

१८ मे, रविवार

१९०१ चा मिशिगन संघ. फील्डिंग योस्ट प्रशिक्षक, ११ सामने, ११ विजय, केलेले गुण ५५०, दिलेले शून्य. त्यातला एक सामना बफेलोविरुद्ध १२८-०. शेवटचा १ जानेवारी १९०२ चा, पासाडेनातला पहिला रोझ बाउल (मोसम संपल्यावरचा निमंत्रित संघांचा सामना, अशा सामन्यांना ‘बाउल’ म्हणतात), स्टॅनफर्डविरुद्ध ४९-०. आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डनंच पुरे म्हटलं.

माझा बेत होता की जुने गुण आजच्या हिशेबात बदलून घ्यायचे. टचडाउनला (चेंडू घेऊन समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार जाणं) १८८३ मध्ये २ गुण होते, १८८४ पासून ४, १८९८ पासून ५, १९१२ पासून ६. फील्ड गोल (लाथेनं चेंडू खांबांमधून मारणं) ५ वरून १९०४ मध्ये ४ वर आला, १९०९ मध्ये ३ वर. एवढं कोष्टक केलं की गुणाकार करून मोकळं व्हायचं.

तो बेत सोडला. एक तर नुसत्या अंतिम गुणांवरून त्यात टचडाउन किती आणि गोल किती हे कळत नाही. ४९ हे नऊ टचडाउन आणि टचडाउननंतरच्या लाथेच्या चार जास्तीच्या गुणांनीही होतात, आठांत एक गोल मिसळूनही होतात. प्रत्येक सामन्याचा तपशील शोधायचा म्हणजे वर्तमानपत्रांची जुनी पानं उपसायची, आणि दोन पेपरांत दोन आकडे. दुसरं कारण जास्त मोठं. गुण बदलता येतात, खेळ कसा बदलणार? तेव्हा पुढे पास फेकणंच नियमबाह्य होतं, मैदान ११० यार्डांचं होतं, तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढायचे होते. आजच्या ६ नं गुणून तो सामना आजचा होत नाही.

यात पूर्ण आठवडा गेला. जमा काही नाही. कुणी हा उद्योग करू नये.

२६ मे, सोमवार, मेमोरियल डेची सुट्टी

मग रेघेसाठी नियम बघायचे ठरवलं. पहिला उमेदवार १९०६. आदल्या मोसमात शाळा-कॉलेजांतले मिळून अठरा-एकोणीस खेळाडू दगावले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबर १९०५ मध्येच हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून समज दिली होती. १९०६ पासून फॉरवर्ड पास आला, तीन प्रयत्नांत दहा यार्डांचा नियम आला, आणि पुढे जिचं नाव एनसीएए झालं ती संस्थाही तेव्हाच उभी राहिली. पण पास चुकला तर दंड असायचा, त्यामुळे फेकायला कुणी धजावत नव्हतं.

दुसरा उमेदवार १९१२. टचडाउन ६, चौथा प्रयत्न, १०० यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना एंड झोन (गुण करायची पट्टी), पासच्या अंतरावरची मर्यादा उठली. नियमपुस्तकापुरतं बघितलं तर आजचा खेळ इथे ओळखू येतो. मी १९१२ वर जवळजवळ थांबले होते.

पण १९१६ ची ओळ समोर आली: जॉर्जिया टेक २२२, कंबरलंड ०. कंबरलंडनं फुटबॉल बंद केला होता, पण सामना रद्द केला तर ३,००० डॉलर भरावे लागणार, म्हणून जमेल तशी पोरं गोळा करून पाठवली. टेकचे प्रशिक्षक जॉन हाइजमन. त्यांना बेसबॉलमधल्या २२-० चा वचपा काढायचा होता. अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून एकही फर्स्ट डाउन (दहा यार्ड काढून पुन्हा नवे प्रयत्न मिळवणं) काढला नाही: कंबरलंडला जमला नाही आणि टेकला लागला नाही. दुसरा अर्धा भाग तर छोटा करून उरकला. निंबाळकरांच्या ४४३ ची आठवण झाली. १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडनं मैदान सोडलं म्हणून ब्रॅडमनचे ४५२ वाचले. तिथे निदान दोन्ही संघ रणजीचे होते. इथे एका बाजूला संघच नव्हता.

म्हणजे नियम सारखे झाले तरी प्रतिस्पर्धी सारखे होत नाहीत. १९१२ ची रेघ गुणांच्या रकान्यापुरती ठेवली, बाकीच्यांसाठी नाही.

८ जून, रविवार

सर्वांत लाडकी रेघ १९३६. असोसिएटेड प्रेसची (एपी) क्रमवारी त्या वर्षी नियमित सुरू झाली, पहिला विजेता मिनेसोटा. लेखांत, टीव्हीवर ‘आधुनिक काळ’ म्हणजे बहुतेकदा हेच. सोयीचं आहे, कारण त्यापुढे प्रत्येक वर्षाला एक क्रमांक मिळतो. पण क्रमवारी म्हणजे पत्रकारांची मतं. १९३५ आणि १९३६ यांत मैदानावर काहीही बदललं नाही.

१९४३ ची यादी उघडली आणि माझ्यापुरता निकाल लागला. पहिलं नोत्र डाम, दुसरं आयोवा प्री-फ्लाइट, तिसरं मिशिगन. आयोवा प्री-फ्लाइट हे कॉलेज नाही, नौदलाच्या वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र. युद्धामुळे चांगले खेळाडू तिकडे होते. त्याच मोसमात ग्रेट लेक्स नौदल तळाच्या संघानं नोत्र डामला १९-१४ असं हरवलं, तरी विजेतेपद नोत्र डामकडेच राहिलं. ज्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर लष्करी तळ आहे, तिथून कॉलेजांची तुलना सुरू करायची?

शिवाय एपीची शेवटची क्रमवारी तेव्हा बाउल सामन्यांच्या आधी निघायची. १९६४ मध्ये अलाबामा आधी विजेता ठरला, मग ऑरेंज बाउलमध्ये टेक्साससमोर हरला, आणि सगळे सामने जिंकलेलं आर्कान्सा बघत राहिलं. १९६५ ला एपीनं बाउलनंतर मतदान घेतलं, पुढची दोन वर्षं परत जुनी पद्धत, १९६८ पासून कायमचं बाउलनंतर. प्रशिक्षकांची क्रमवारी १९७४ पर्यंत सुधारली नाही. १९७३ मध्ये त्यांनी अलाबामाला मुकुट दिला, मग शुगर बाउलमध्ये नोत्र डामनं त्याच अलाबामाला २४-२३ असं हरवलं, तेव्हा जाग आली.

शीटमध्ये ‘अंतिम क्रमांक’ हा रकाना असेल तर शेजारी ‘बाउलआधी की बाउलनंतर’ हा रकाना हवाच.

२१ जून, शनिवार

काकांकडे ॲन आर्बरला (मिशिगन विद्यापीठाचं गाव) गेले होते. ते १९७३ च्या ऑगस्टमध्ये इथे शिकायला आले आणि तीन महिन्यांत या खेळाच्या नादी लागले. लॅपटॉप उघडून दाखवला, तर आधी म्हणाले, “१९७३ ची ओळ काढ.”

२४ नोव्हेंबर १९७३, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, १०-१०. (माझ्या पहिल्या शीटमध्ये हा सामना १० ऑक्टोबर होऊन बसला होता.) दोघेही अपराजित. रोझ बाउलला कोण जाणार हे ठरवायला बिग टेनच्या (मिशिगन आणि ओहायो स्टेट ज्या कॉलेजांच्या गटात आहेत तो) क्रीडा संचालकांनी मतदान केलं आणि ६-४ नं ओहायो स्टेटला पाठवलं. मिशिगनचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) डेनिस फ्रँकलिन त्याच सामन्यात गळ्याचं हाड मोडून बसला होता, हे त्यामागचं कारण सांगतात. ओहायो स्टेट जाऊन जिंकून आलं.

आता शीटमध्ये बघा: मिशिगन १०-०-१, ओहायो स्टेट १०-०-१. टक्केवारी अगदी सारखी. अंतिम एपी क्रमांक: ओहायो स्टेट दुसरं, मिशिगन सहावं. एक बाउल खेळलं, दुसऱ्याला खेळू दिलं नाही. बिग टेनमधून तेव्हा फक्त एकच संघ, फक्त रोझ बाउलला जायचा. १९७२ ते १९७४ या तीन मोसमांत मिशिगन ३०-२-१ होतं आणि बाउल एकही नाही. ही अट १९७५ ला सुटली.

काका म्हणाले, “तुझ्या त्या बाउल-विजयांच्या रकान्यात आमच्यापुढे भोपळा दिसतो बघ. तो आमचा आहे का?”

बरोबर आहे. बाउल-विजयांची तुलना १९७५ च्या आधी करायची नाही, निदान बिग टेनपुरती. शून्याऐवजी तिथे रिकामी चौकट ठेवली. शून्य आणि रिकामं यांत फरक आहे हे सरासरी काढताना कळतं.

कॉफीनंतर काकांनी माळ्यावरून जुनी मीडिया गाईड (कॉलेजनं काढलेल्या संघाच्या विक्रमांच्या पुस्तिका) काढून दिली. त्याआधी मी ऑनलाइन तीन विकत घेतली होती, पोस्टेज धरून ४७ डॉलर. एनसीएएची रेकॉर्ड बुकं आणि बहुतेक कॉलेजांची गाईड पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आधी तिथे बघा.

४ जुलै, शुक्रवार

ऑफिसातल्या एकाकडे बार्बेक्यू. तिथे १९६५ ची रेघ मांडून पाहिली. मला ती मनापासून पटत होती. १९४१ पासून खेळाडू मोकळेपणानं बदलता येत होते, १९५३ ला ती सवलत काढली, म्हणजे त्याच अकरा जणांनी आक्रमणही करायचं आणि बचावही. १९६४-६५ ला ती परत आली आणि आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे असे आजच्यासारखे दोन संघ झाले. ओक्लाहोमाची सलग ४७ विजयांची मालिका (१९५३ ते १९५७, नोत्र डामनं ७-० नं तोडली) बरोब्बर त्या मधल्या काळात बसते. तो अजूनही विक्रम आहे, पण तो दुसऱ्या खेळाचा विक्रम आहे असं माझं मत.

अलाबामावाला लगेच राजी. का, ते नंतर लक्षात आलं: १९६५ चं विजेतेपद त्यांचं. ओहायोवाल्यालाही चाललं, त्यांचं १९६८ आत येतं. मग यजमानांचे सासरे, जे एवढा वेळ मक्याची कणसं भाजत होते, ते म्हणाले, “दक्षिणेतल्या संघांत काळी मुलं कधी आली ते तुझ्या शीटमध्ये कुठे आहे?”

नव्हतं. एसईसीमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या मोठ्या कॉलेजांच्या गटात, पहिला काळा खेळाडू १९६७ ला केंटकीकडून नेट नॉर्थिंग्टन. १२ सप्टेंबर १९७० ला बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्नियानं (यूएससी) अलाबामाला ४२-२१ असं धुतलं, त्यात त्यांचा काळा फुलबॅक सॅम कनिंगहॅम गाजला. अलाबामाच्या मुख्य संघात काळे खेळाडू मैदानात उतरले ते १९७१ ला. राज्यातल्या निम्म्या गुणी पोरांना दारातच अडवलेला संघ आणि आजचा संघ एका रकान्यात ठेवायचे, तर हा बदल बाउलच्या तारखेपेक्षा कितीतरी मोठा आहे. नियमपुस्तकात तो सापडत नाही, म्हणून माझ्या नजरेतून सुटला होता. १९६५ गेलं.

१३ जुलै, रविवार

यार्डांचा टॅब, म्हणजे खेळाडूनं चेंडू घेऊन पळत काढलेलं अंतर. एनसीएएची अधिकृत आकडेवारी १९३७ पासून, त्यामुळे इथे वाद नको असं वाटत होतं. पण बाउल सामन्यांतली आकडेवारी मोसमात धरायला त्यांनी २००२ पासून सुरुवात केली. ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स, १९८८: ११ सामन्यांत २,६२८ यार्ड. हॉलिडे बाउलमधले २२२ धरलेच नाहीत, धरले तर २,८५०. बोइसी स्टेटचा ॲश्टन जिंटी २०२४ ला २,६०१ पर्यंत पोचला, २७ कमी, पण १४ सामन्यांत आणि बाउल धरून. बातम्यांत ‘विक्रम थोडक्यात हुकला’. थोडक्यात कसला? शीटमध्ये ‘प्रति सामना’ हा रकाना घाला, बाकी सगळं लपवा.

२७ जुलै, रविवार

ताळा जुळेना. सगळ्या संघांचे आपापसातले विजय आणि पराभव सारखे यायला हवेत, येत नव्हते. कारण रद्द केलेले विजय. एनसीएए शिक्षा म्हणून विजय काढून घेते तेव्हा हरलेल्याचा पराभव मात्र तसाच राहतो. जानेवारी २००५ च्या ऑरेंज बाउलमध्ये यूएससीनं ओक्लाहोमाला ५५-१९ असं हरवलं, मग तो विजय रद्द झाला. ओक्लाहोमाच्या खात्यावर पराभव आहे, समोर जिंकलेलं कुणी नाही. पेन स्टेटचे तर २०१२ ला रद्द झालेले विजय २०१५ ला परत दिले, त्यामुळे मधल्या काळातली गाईड वापरली की सगळंच घसरतं. गाईडच्या छपाईचं वर्ष प्रत्येक ओळीत नोंदवा. ‘मैदानावर’ आणि ‘कागदावर’ असे दोन रकाने केले, ताळा मैदानावरच्यावर.

बरोबरीचं सोपं होतं. अर्धा विजय, अर्धा पराभव, एनसीएएची तीच रीत. १९९६ पासून जादा वेळ आला आणि बरोबरी संपली. पण त्यामुळे गुण फुगतात: २०१८ ला टेक्सास ए अँड एमनं एलएसयूला (लुईझियाना स्टेट) ७४-७२ असं हरवलं, सात जादा डाव खेळून. सरासरी गुणांसाठी नियमित वेळेतलेच गुण घेतले.

१० ऑगस्ट, रविवार

ठरवलं. संघांच्या टक्केवारीची मुख्य शीट १९७८ पासून. त्या वर्षी पहिली श्रेणी दोन तुकड्यांत विभागली, वरची आय-ए आणि खालची आय-डबल-ए. म्हणजे कोण कुणाच्या बरोबरीचं, हे पहिल्यांदा कागदावर आलं. शिष्यवृत्त्यांची मर्यादाही १९७३ च्या १०५ वरून त्याच वर्षी ९५ वर आली. (८५ झाली ती १९९४ ला, नेब्रास्कावाले त्यावर स्वतंत्र वाद घालतात.) दक्षिणेतले संघ तोवर खुले झाले होते. पहिल्या वर्षाची मुलं १९७२ पासून खेळत होती.

ऑफिसात पाठवलं. अलाबामावाला चिडला, बेअर ब्रायंट यांची सहापैकी फक्त शेवटची दोन विजेतेपदं उरली. ओहायोवाल्याचं १९६८ गेलं. काकांचा फोन, “म्हणजे ७३ गेलंच?” प्रत्येकाचा आधुनिक काळ त्याच्या आवडत्या वर्षाच्या जरासा आधी सुरू होतो, हे आता चांगलंच कळलंय. सगळेच सारखे नाराज आहेत, त्या अर्थी रेघ बरी बसली असावी.

अलाबामावाल्याचा एक वार मात्र वर्मी लागला: “श्रेणी ठरली म्हणतेस, मग अ‍ॅपलाचियन स्टेट?” १ सप्टेंबर २००७, ॲन आर्बर, खालच्या श्रेणीतलं अ‍ॅपलाचियन स्टेट ३४, मिशिगन ३२. वरचे संघ आजही खालच्यांशी सामने ठेवतात, सोपा विजय म्हणून. ते सामने वेगळे काढायचे तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची त्या त्या वर्षाची श्रेणी लागणार. येल-हार्वर्ड वगैरे आयव्ही लीग १९८१ पर्यंत वरच्या श्रेणीत होती, १९८२ ला खाली गेली, असे कित्येक.

१७ ऑगस्ट, रविवार

श्रेणीचा रकाना निम्मा भरला. परवा, १५ ला, मिशिगननं प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणा चोरल्याच्या प्रकरणाचा एनसीएएचा निकाल आला. दंड भलामोठा, पण विजय एकही रद्द नाही. १८ नोव्हेंबर २०२३ ला मेरीलँडविरुद्ध ३१-२४ असा मिळवलेला मिशिगनचा १,००० वा विजय जागेवर राहिला, मलाही दुसरा रकाना छेडावा लागला नाही.

सध्याची स्थिती: गुण १९१२ पासून, यार्ड १९३७ पासून आणि फक्त प्रति सामना, क्रमांक १९६८ पासून, बाउल १९७५ पासून, टक्केवारी १९७८ पासून. प्रत्येक टॅबच्या नावातच वर्ष घातलंय, म्हणजे दोन टॅबचे आकडे जोडून कुणी भांडायला आलं तर लगेच दिसतं. १८६९ पासूनची शीटही ठेवली आहे, तिच्यावर टक्केवारी काढलेली नाही.

बाकी: २०२० ची ओळ. करोनामुळे ओहायो स्टेट अंतिम सामना धरून आठच सामने खेळलं, आणि २०२४ ला विजेतेपदासाठी सोळा. ‘एका मोसमातले विजय’ हा रकाना त्यामुळे निरुपयोगी, तो काढून टाकायचा आहे. नवा मोसम २३ तारखेला सुरू होतोय, त्याआधी श्रेणीचा रकाना १९९० पर्यंत तरी पोचवायचा.